लोंबतं मनगट आणि सायकलची ट्यूब

“मनगट वर कर,” डॉक्टर म्हणाले.

मी केलं. म्हणजे मला वाटलं, केलं. डॉक्टर माझ्या हाताकडे बघत राहिले म्हणून मीही खाली पाहिलं. दंडाला फळी बांधलेली, पुढचा हात आईच्या मांडीवर, आणि पंजा तिच्या गुडघ्यावरून खाली पडलेला, पिळून टाकलेल्या फडक्यासारखा.

“बोटं सरळ कर. अंगठा बाहेर काढ.”

मी दात आवळून जोर लावला. कपाळावर घाम आला, पंजा हलला नाही. मला रडू आलं नाही, त्या पंजाचाच संताप आला. डाव्या हाताने मी त्याला एक फटका दिला. दंडात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

“त्याचा काय दोष?” डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहू लागले.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, रेडियल नर्व्ह पाल्सी. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस खाली जाते. मनगट आणि बोटं वर उचलायचं काम तिचं. हाड मधोमध मोडलं तेव्हा तिलाही मार बसला होता. पंजा असा लोंबतो त्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. नस तुटली आहे की नुसती चेपली आहे, हे लगेच सांगता येणार नव्हतं. चेपली असेल तर काही महिन्यांत आपोआप जागी होईल. तुटली असेल तर ऑपरेशन, आणि तरी खात्री नाही.

“कसं झालं हे?” त्यांनी विचारलं.

“जिन्यावरनं पडली,” माझ्याआधी आई बोलली.

भांडुपला आमची बैठी चाळ. तिला जिनाच नव्हता. डॉक्टरांनी माझ्या दंडावरचा सरळ, काळानिळा पट्टा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि जिना लिहून टाकला. बाहेर रांग मोठी होती. मीही गप्प बसले.

ज्यांचं मनगट असं लोंबत असेल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. म्हणून आधी खरं काय झालं ते सांगते.

मी शैला. ही एकोणीसशे ऐंशीनंतरची, गिरण्या बंद पडल्या त्या काळातली गोष्ट. वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर ते गावी मालवणकडे निघून गेले. घरात उरलो आई, मी आणि माझा मोठा भाऊ. दादाचं नाक्यावर सायकलचं दुकान होतं, पंक्चर काढायचं आणि तासावर सायकली द्यायचं. वडील गेल्यापासून तो घरातला कर्ता झाला आणि कर्ता म्हणजे हात उचलणारा, अशी त्याची समजूत होती. आईवर नाही उचलायचा. माझ्यावर उचलायचा.

मी आमच्या मंडळाच्या मुलींच्या संघात कबड्डी खेळायचे. डावा कोपरा माझा. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम एकच. समोरून चढाई करणारी आत आली की तिचा घोटा पकडायचा आणि तिचा दम संपेपर्यंत सोडायचा नाही. घाटकोपरच्या एका स्पर्धेत मी अशी पकड केली आणि तिचा फोटो एका सायंदैनिकात छापून आला. फोटोत माझ्या चेहऱ्यापेक्षा अर्धी चड्डी आणि मांड्या जास्त दिसत होत्या, हे खरं आहे. पकड करताना माणूस तोंड पुढे करून बसत नाही.

तो पेपर दादाने सलूनमध्ये पाहिला. तिथे बसलेले चारजण काहीतरी बोलले असणार. त्यांना काही म्हणायची दादाची छाती झाली नाही. तो तडक घरी आला.

पहिली थोबाडीत त्याची. त्यावर लाथ माझी, त्याच्या नडगीवर, आणि ती चांगली बसली. मग त्याने मोरीतलं कपडे धुवायचं लाकडी धोपटणं उचललं. डोकं वाचवायला मी उजवा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज शेजारी नक्की गेला असणार, कारण तिथला रेडिओ मध्येच बंद झाला. दार मात्र एकाही खोलीचं उघडलं नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर, प्लास्टरची वाट बघत बसले असताना मी ठरवलं की हा हात बरा करायचा. खेळायला नव्हे. दादाचा हात मोडायला. पुढचे सगळे महिने मी जे काही सोसलं ते या एका गोष्टीवर. चांगले विचार मनात ठेवा, म्हणजे लवकर बरं वाटतं, असं लोक पेशंटला सांगतात. माझ्या मनात एकही चांगला विचार नव्हता.

प्लास्टर काखेपासून कोपराखालून परत खांद्यापर्यंत, इंग्रजी यू अक्षरासारखं. त्याला यू-स्लॅब म्हणतात. रात्री झोपायचं ते भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. वेणी आई घालायची. भात डाव्या हाताने खायचा. दादा समोर बसून जेवायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. त्याच्या मनगटाकडे मी मात्र बघत असायचे. कुठे धरलं म्हणजे कुठे मोडेल, याचा हिशोब चालायचा.

सगळ्यात जास्त राग मला आईचा यायचा. ते धोपटणं तिने टाकलं नव्हतं. रोज सकाळी मोरीत बसून त्याच धोपटण्याने ती कपडे बडवायची, धप्, धप्, आणि प्रत्येक आवाजाला माझा दंड आतून आवळायचा. मी एकदा म्हटलं, “ते जाळून टाक.” ती म्हणाली, “मगे कपडे कशान धुवू?” आणि परत बडवायला लागली.

प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं आणि पंजा तसाच होता. आता मला तळमजल्यावर फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथल्या मुख्य लिमयेबाई, मुलुंडला राहणाऱ्या. उंच, कडक इस्त्रीची साडी, वर पांढरा कोट. त्यांनी माझ्या हाताला एक सांगाडा चढवला. त्याचं नाव डायनॅमिक स्प्लिंट. मनगटाखाली ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर वाकवलेल्या तारा, तारांना लटकलेले साधे रबर, पुड्यांना लावतो तसले, आणि प्रत्येक रबराच्या टोकाला चामड्याचा फासा. एकेका फाशात एकेक बोट. मी बोटं खाली वाकवायची, की रबर ती परत वर ओढायचे.

मला ते अजिबात सहन होईना. माझी बोटं माझी नव्हती, कुणीतरी वरून नाचवत होतं. मी बाईंना म्हटलं, “हे खेळणं काढा.”

“मनगट खाली वाकव आणि डाव्या हाताची मूठ आवळ,” त्या म्हणाल्या.

वाचता वाचता तुम्हीही करून बघा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मग मूठ आवळा. आवळत नाही. बोटांत जीवच राहत नाही. त्या वाकलेल्या मनगटावर लिमयेबाईंनी दोन बोटांनी जरासं आणखी दाबलं, तशी माझी धडधाकट डावी मूठ आपसूक उघडली.

“मूठ बोटांत नसते, मनगटात असते. मनगट वर नसेल तर तू साधी पेन्सिल धरू शकणार नाहीस. नस जागी होईपर्यंत हे रबर तुझं मनगट वर धरून ठेवतील, नाहीतर सांधे आखडतील. नंतर हाच रबर तुझ्या विरुद्ध ओढेन मी. तेव्हा शिव्या दे.”

नंतरचे दिवस नुसते थांबण्याचे. विजेच्या यंत्राने स्नायूंना झटके द्यायचे, ते मेलेल्या बेडकासारखे उडायचे, आणि झटका थांबला की परत गप्प. डॉक्टर दंडावर बोटाने टकटक करत खाली यायचे. एका जागी आले की मुंग्यांचा एक लोट थेट अंगठ्यापर्यंत जायचा. याला टिनेल साइन म्हणतात. ती जागा प्रत्येक खेपेला थोडी थोडी खाली सरकत होती. म्हणजे नस वाढत होती, आतून, गोगलगायीच्या वेगाने. टकटकीची जागा खाली सरकत असेल तर धीर सोडू नका, एवढं मी नक्की सांगेन. ज्यांची सरकत नसेल त्यांचं मला माहीत नाही.

पहिली हालचाल मोरीच्या दारात झाली. मी उंबऱ्याशी बसले होते, स्प्लिंट काढून ठेवलेलं, हात मांडीवर. आई कपडे बडवत होती. धप्. मी मनातल्या मनात दादाला एक शिवी घातली, आणि मनगट मांडीवरून उठलं. तांदळाच्या दाण्याएवढं. मी परत शिवी घातली. परत उठलं. मी ओरडले. आई धोपटणं टाकून धावली, तिला वाटलं मी पडले. मग तिलाही दिसलं आणि ती साबणाच्या हातांनी माझं तोंड कुरवाळत सुटली.

लिमयेबाईंनी आता पुड्यांचे रबर काढले आणि कपाटातून काळी पट्टी आणली. सायकलची जुनी ट्यूब, उभी चिरलेली. एक टोक खिडकीच्या गजाला, एक माझ्या पंजात.

“वजन उचललंस तर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच असतं. रबर तसा नाही. ताणायला लागलीस की हलका, जितका ताणशील तितका जड. म्हणून दुबळ्या स्नायूला तो बरा, सुरुवातीला दमवत नाही. पट्टी अरुंद कापली तर सोपी, रुंद कापली तर कठीण, दुहेरी घेतली तर आणखी कठीण. गजापासून लांब उभी राहिलीस तरी कठीण. कळलं?”

मी सगळा जीव एकवटून पट्टी ओढली आणि सोडून दिली. ती फाट्‌कन गजावर आपटली. मला फार बरं वाटलं.

“मूर्ख आहेस,” लिमयेबाई शांतपणे म्हणाल्या. “ओढणं अर्धंच काम आहे. रबर तुला परत खेचतो, तेव्हा त्याला खेचू द्यायचं नाही. आपल्या मर्जीने, सावकाश परत न्यायचं. खरी ताकद त्या परतीत येते. फटका मारल्यासारखी सोडलीस तर स्नायूला काही मिळत नाही, आणि रबर एक दिवस तुलाच फटका मारेल.”

सावकाश म्हणजे किती, ते मला जमेना. मग मी माझी युक्ती काढली. ओढायचं, आणि परत नेताना एका दमात कबड्डी, कबड्डी, कबड्डी म्हणत राहायचं, दम संपता संपता पट्टी जागेवर. खेळाडूला दम मोजायला घड्याळ लागत नाही. फिजिओथेरपीच्या खोलीत कंबरदुखीचे म्हातारे माझ्याकडे वळून वळून बघायचे. लिमयेबाई म्हणाल्या, “चालेल. श्वास रोखून धरण्यापेक्षा हे चांगलं.”

घरी करायला ट्यूब हवी होती. आमच्याकडे होत्या तेवढ्या जुन्या ट्यूबा भांडुपमध्ये कुणाकडे नसतील, पण दादाच्या दुकानातलं काही मला नको होतं. मी आईला तसं बजावलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या मागच्या खिळ्याला तीन पट्ट्या लटकत होत्या. अरुंद, मध्यम, रुंद. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या, टोकाला पकडायला कापडाची मूठ गुंडाळलेली. दादा चपला घालत होता. माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, “करायला सांग तिला. लुळ्या हाताची पोरगी कोण घेणार? हात जरा सरळ झाला की त्या कणकवलीच्या स्थळाला होकार कळवून टाकतो. एकदा इथून गेली की मी सुटलो.”

मी त्या पट्ट्या गटारात फेकायला घेतल्या होत्या. दारापर्यंत गेलेही. मग वाटलं, बरंच आहे. त्याच्याच रबराने त्याचा हात मोडू. मी त्या परत खिळ्याला अडकवल्या.

दिवाळीपासून होळीपर्यंत मी अरुंद पट्टीवरून रुंद पट्टीवर आले. मनगट, मग कोपर, मग खांदा. खिडकीचा गज माझ्या ओढण्याने हलायला लागला होता. बादली उजव्या हाताने उचलत होते. हे सगळं दादा बघत होता, आणि घरात कणकवलीचं नाव वाढत चाललं होतं.

यात आमची एक चूक झाली. ती आमच्यासारख्या घरातच होऊ शकते, म्हणून नीट ऐका. कोकणातल्या बायकांचा खोबरेल तेलावर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. रोज सकाळी व्यायामाआधी आई माझा हात खांद्यापासून बोटांपर्यंत तेलाने चोळायची. मी म्हणायचे, आधी व्यायाम, मग तेल. ती म्हणायची, “तेल लावल्याशिवाय ताकद खंयसून येतली?” त्याच तेलकट हाताने मी रबर धरायचे. एकदा तर पट्टी कोरडी पडली असं वाटून तिने पट्टीलाच तेल चोळून ठेवलं. तेलाने रबर फुगतो, चिकट होतो, आतून कुजतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सायकलवाल्याला माहीत होतं. पण दादा माझ्याशी बोलत नव्हता.

शिमगा झाला होता. मी रुंद पट्टी दुहेरी करून गजाला अडकवली होती, पूर्ण ताणली होती, आणि ती गजापाशी तुटली. सगळीच्या सगळी माझ्या तोंडावर आली. डोळ्याच्या खाली गाल फाटला, ओठ फुटला, मी मागे भांड्यांच्या मांडणीवर जाऊन पडले. डबे, ताटं, परात, सगळं खाली. आणि मी किंचाळले.

दादा तेव्हा नुकताच जेवायला दुकानातून आला होता. दारात उभा होता. त्याने काही म्हणजे काही केलं नव्हतं.

हाड मोडलं तेव्हा एकही दार उघडलं नव्हतं. त्या दिवशी सगळी उघडली. शेजारचे भाई, काठी घेऊन बाहेर आलेले पलीकडचे आजोबा, नळावरच्या बायका, सगळे आमच्या दारात. माझ्या पोलक्यावर रक्त. भाईंनी दादाची कॉलर धरली. “परत मारलंस? साल्या, लाज नाय वाटत? पोरीचा हात मोडून समाधान नाय झालं?” म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

“ट्यूब तुटली,” मी रक्त गिळत म्हणाले. “दादाने नाही मारलं.”

“होय होय, ट्यूब तुटली,” नळावरची एकजण म्हणाली. “त्या वेळेला जिना तुटला होता.”

भाईंनी दादाला दोन लगावल्या. दादाने प्रतिकार केला नाही. तो नुसता माझ्याकडे बघत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे.

हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर बाई होत्या. अपघाताचे, मारामारीचे पेशंट आधी नेतात तो हा विभाग. त्यांनी गालाला टाके घातले. जखम लांब, सरळ पट्ट्यासारखी. माझे जुने कागद त्यांनी वाचले असावेत, कारण टाके झाल्यावर त्यांनी हातातलं सगळं बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, “हे कुणी केलं?”

आई घाईने मुलाची बाजू घेत म्हणाली, “आज माझ्या झिलान काय्येक करूक नाय. देवाशपथ. रबर तुटलो.”

डॉक्टर बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. “मी तुला विचारते आहे. बाहेर पोलीस हवालदार बसलेला असतो. तू नाव सांग, मी लिहिते. घाबरू नकोस.”

मी पलंगाच्या कडेवर बसले होते. गाल बधिर. हे असं आयतं समोर येईल असं मला वाटलंच नव्हतं. नुसती मान हलवायची होती. सगळी चाळ साक्षीला उभी राहिली असती. दादाचा हात मी मोडण्याची गरजच उरली नसती, पोलिसांनी तो आपल्या पद्धतीने मोडला असता. आई माझ्याकडे बघत होती. मला तिची दया आली नाही. जिना तिनेच बांधला होता.

पण एक खोटं मी याच हॉस्पिटलात गप्प बसून चालवून घेतलं होतं, आणि त्या खोट्याने दादा वाचला होता. आता दुसरं खोटं बोलून त्याला अडकवायचं, म्हणजे त्याने खरोखर केलं ते तसंच लपलेलं राहणार. लोक म्हणणार, गाल फाडला म्हणून आत गेला. हाताचं काय? हात जिन्यावरूनच मोडलेला राहणार. ते मला मान्य नव्हतं. माझा हात कुणी मोडला ते मला जगाला सांगायचं होतं.

“आज रबर तुटला,” मी म्हणाले. “खरंच. ट्यूबला तेल लागलं होतं. पण हात जिन्यावरून नाही मोडला. तो माझ्या मोठ्या भावाने मोडला, धोपटण्याने. आमच्या चाळीला जिना नाही.”

आई मटकन खाली बसली. डॉक्टर बाईंनी पेन उचललं.

“लिहू?”

“लिहा.”

हवालदार आमच्याबरोबर घरी आला आणि दादाला चौकीवर घेऊन गेला. फार काही झालं नाही. ऐंशीच्या दशकात घरातल्या मारहाणीला चौकीवर घरगुती भानगड म्हणत. त्यांनी त्याला दुपारभर बाकावर बसवून ठेवलं, थोडं चोपलं, परत असं केलंस तर आत टाकू म्हणून दम दिला आणि सोडलं.

दिवेलागणीला तो परत आला. चेहरा सुजलेला, शर्टाचं बटण तुटलेलं. मी तांदूळ निवडत बसले होते. तो सरळ मोरीत गेला आणि धोपटणं घेऊन आला.

“आज मी केलं नव्हतं ना,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “चौकीत बसवलंस मला. नाक्यावरून नेलं. आता करतो. आता खरं करतो.”

मी उठले. त्याने हात उचलला. तोच हात, तेवढाच उंच. या वेळी मी डोकं वाचवायला हात आडवा धरला नाही. कोपऱ्यातून पकडीला जातात तशी मी आत शिरले आणि खाली येणारं त्याचं मनगट उजव्या हाताने धरलं.

पकड बसली. माझं मनगट वर होतं. दंडात जुन्या मोडीच्या जागी आग झाली, गालाचे टाके ताणले, एक तुटला, ते गरम रक्त मला हनुवटीवर जाणवलं, पण मूठ सुटली नाही. त्याने हिसका दिला. त्याचा जोर माझ्यापेक्षा जास्त होता. पण ओढत होता तो राग, आणि राग हिसक्याहिसक्याने येतो. मला महिनोन्‌महिने सतत ओढणाऱ्या रबराची सवय होती. मी हलले नाही. दुसरा हात मी त्याच्या पंजाच्या पाठीवर ठेवला आणि त्याचं मनगट आतल्या बाजूला वाकवायला लागले. लिमयेबाईंनी दोन बोटांनी केलं होतं तसं. त्याची बोटं एकेक करून उघडली आणि धोपटणं फरशीवर पडलं.

त्याचा हात आता माझ्या हातात उघडा होता. आणखी थोडं वाकवलं की मोडला असता. मी कित्येक महिने याच क्षणासाठी ओढत आले होते. मला कुठे दाबायचं ते माहीत होतं, आणि दाबायची इच्छा, खरं सांगते, अजिबात कमी झाली नव्हती. त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली. हाड मोडणार हे माणसाला आधी कळतं. मलाही कळलं होतं.

मी त्याचा हात खाली न्यायला लागले. हिसडून टाकला नाही. माझ्या ओठांतून आपोआप कबड्डी, कबड्डी सुरू झालं, अगदी हळू, रोजच्या सवयीने, आणि दम संपता संपता त्याचा हात त्याच्या मांडीशी आला. तिथे मी तो सोडला. मला तो मोडता येत होता, हे त्याला कळलं होतं, आणि मला तेवढं पुरलं.

“कणकवलीला नाही म्हणून कळव,” मी म्हणाले.

तो खाली बसला. मग उठून दुकानात झोपायला गेला, आणि त्यानंतर तिथेच राहू लागला. आमचं आजही फारसं बोलणं नाही. त्याने माफी मागितली नाही आणि मी दिली नाही. त्याने परत हात मात्र उचलला नाही, माझ्यावर नाही आणि पुढे त्याच्या बायकोवरही नाही. ते मी तिला विचारून घेतलं आहे.

पुढच्या मोसमात मी डाव्या कोपऱ्यात परत उभी राहिले. थंडीत माझं मनगट अजून जरा आळस करतं. लिमयेबाई निवृत्त होईपर्यंत मी त्यांना भेटत राहिले. त्यांच्याकडच्या नव्या पेशंटना रबर कसा वापरायचा ते दाखवायला त्या मला बोलवायच्या, आणि मी दाखवायचे. मी त्यांची ऋणी आहे, त्या टाके घालणाऱ्या डॉक्टर बाईंचीही. त्यांनी आईला न विचारता मला विचारलं.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. रबराला तेलाचा हात लावू नका. रोज वापरण्याआधी ताणून चीर पडली आहे का ते बघा, आणि तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका. जितक्या वेगाने ओढाल त्यापेक्षा सावकाश परत न्या. आणि डॉक्टर विचारतील, कसं झालं, तेव्हा तुमच्याबरोबर आलेलं माणूस उत्तर द्यायच्या आत स्वतः उत्तर द्या. खरं द्या. मोडलेलं हाड प्लास्टरने जुळतं, त्यासाठी जिना बांधावा लागत नाही.

दादा दुकानात झोपायला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मोरीतून कपडे बडवण्याचा आवाज येत नव्हता. आई बाहेर पडवीत बंबापाशी बसली होती. बाजूला कोयता पडलेला. बंबाच्या तोंडातून धोपटण्याची मूठ बाहेर दिसत होती, पेटलेली.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. लाकूड आत ढकलत म्हणाली, “पाणी तापला गो. जा, न्हाऊन घे.”

मी बादली उजव्या हाताने उचलली.